रविवारी फिल्टर बदलताना

शनिवारी सकाळी कामोठ्याच्या पुलाचा चढ लागला आणि केतनच्या गाडीने मान टाकली. आधी तिने गचके दिले, मग पाय कितीही दाबला तरी वेग धरेना, आणि शेवटी कडेच्या पट्टीला लागून ती गप्प उभी राहिली. शेजारून कंटेनर गेला की अख्खी गाडी हलायची. पुढच्या सीटवर केतनची आई, भामा, डोक्यावर पदर ओढून बसली होती. काचेतून ऊन थेट तिच्या अंगावर येत होतं, आणि डॉक्टरांनी तिला उन्हापासून जपायला सांगितलं होतं. छातीच्या गाठीचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. आता खारघरच्या हॉस्पिटलात रोज लाईट घ्यायची होती. रेडिएशनला घरात सगळे लाईटच म्हणत.

केतनने बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. थोडं थांबून चावी फिरवली तेव्हा गाडी कशीबशी चालू झाली. दुसऱ्या गिअरवर रखडत ते हॉस्पिटलात पोचले, आणि तसेच रखडत सुकापूरला परत आले. या सगळ्या वेळात भामा बोलतच होती. काशिरामच्या थोरलीला कुठं दिली रं? तिच्या नवऱ्याचं नाव काय? तो कुठल्या कंपनीत होता? काशिराम म्हणजे तिचा भाऊ, केतनचा मामा, आणि त्या लग्नाला केतनच काय, अर्धा उरण तालुका जेवला होता. हेच प्रश्न तिने परवाही विचारले होते आणि त्याआधीही. केतन दात आवळून उत्तरं देत होता. मनात मात्र एक वेगळीच भीती बसली होती, की औषधांनी आईच्या डोक्यावर परिणाम व्हायला लागलाय. सोमवारी डॉक्टरांच्या कानावर घालायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्यांची गाडी नेहमी दीनानाथ बघायचा. त्याला फोन लावला तर तो गावी, भाच्याच्या लग्नात. मागे बँजो वाजत होता. दीनानाथने लक्षणं ऐकून घेतली आणि सांगितलं, की डिझेलचा फिल्टर चोंदलाय, मंगळवारी आलो की बघतो. सोमवारी आईला न्यायचंय म्हटल्यावर तो म्हणाला, मग तूच बदल, अवघड काही नाही, फक्त नंतर लाईनमधली हवा नीट काढ.

रंजिताने, केतनच्या बायकोने, हळूच सुचवून पाहिलं की सोमवारपुरती रिक्षा करू. पण दारात गाडी असताना आईला हायवेवरून रिक्षात हादरे खात न्यायचं, हे केतनला पटेना. तो एकुलता एक मुलगा. बापाच्या आजारपणात तो लहान होता, काही करता आलं नव्हतं. आईचं सगळं आपण करायचं, हे त्याने ऑपरेशनच्या दिवशीच मनाशी पक्कं केलं होतं. रात्री जेएनपीटी बंदराकडच्या कंटेनर यार्डात गेटवर उभं राहायचं, सकाळी घरी येऊन तोंडावर पाणी मारायचं, चहा घ्यायचा आणि तसंच आईला घेऊन निघायचं. झोप दुपारी. तीही फोनने, कुकरच्या शिट्टीने, शेजारच्या टॉवरच्या बांधकामाने तुकड्या-तुकड्यांत मिळायची.

शनिवारची रात्रपाळी उरकून आला तो रविवारी झोपायला गेलाच नाही. आडवा झालो तर उठणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पनवेलच्या बाजारातून नवा फिल्टर आणला, एका कॅनमध्ये ताजं डिझेल आणलं आणि घरासमोरच्या अंगणात बॉनेट उघडून उभा राहिला.

फिल्टर म्हणजे एक लोखंडी डबा. वरच्या झाकणाला आट्यांनी घट्ट बसवलेला, आणि झाकणापासून निघालेल्या नळीवर दाबून डिझेल खेचायचा काळा रबरी फुगा. दीनानाथ हा डबा नुसत्या हाताने फिरवून काढताना केतनने पाहिला होता. आज तो जागचा हलेना. हात तेलकट, डबा तेलकट. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून डब्याभोवती गुंडाळला आणि सगळा जोर लावला. पट्टा सटकला, बोटांची सालं निघाली. तो नुसता बघत राहिला. शिवी द्यायचंही त्राण नव्हतं.

दुसऱ्यांदा जोर लावल्यावर डबा सुटला. खाली ठेवलेल्या घमेल्यात डिझेल सांडलं, काळपट, आणि तळाशी पाण्याचे वेगळे थेंब. पुलावर गाडी का खोकली ते आता दिसत होतं. त्याने नवा डबा ताज्या डिझेलने भरला, रबरी रिंगेला बोटाने डिझेल चोळलं, डबा वर चढवला, आवळला. मग फुगा दाबायला लागला. दीनानाथने सांगितलं होतं, फुगा दगडासारखा कडक झाला की समज हवा गेली.

फुगा कडक होईना. दाबला की आत जायचा, सोडला की ढिला. दाबून दाबून मनगट भरून आलं. चावी फिरवून पाहिली. इंजिन घरघरलं, एकदा पेटल्यासारखं झालं आणि विझलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बॅटरीचाच आवाज बारीक व्हायला लागला. केतनने चावी काढली. जरा टेकू म्हणून पुढच्या चाकाला पाठ लावून फरशीवर बसला. घमेलं शेजारी, हातात फडकं. डिझेलचा वास नाकात असतानाच त्याचा डोळा लागला.

जाग आली ती कुठल्याशा फुसफुस आवाजाने. ऊन भिंतीवर चढलं होतं. डोक्याच्या वर कुणीतरी उभं होतं. त्याने मान वळवून पाहिलं तर भामा. ऑपरेशन झालं तो उजवा हात छातीशी धरलेला, आणि डाव्या हाताने ती गाडीत वाकून फुगा दाबत होती. दाबायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा दाबायची. कपाळावर घाम होता.

तो धडपडत उठला. "आये, काय करतेस? सोड ते."

"ह्या हाताला काय नाय झाला," ती म्हणाली. "मगाशी तू दाबत व्हतास ना, तसाच दाबते. बरोबर हाय का?"

तिला हाताला धरून बसवावं म्हणून तो पुढे झाला, आणि तेवढ्यात त्याला दिसलं. ती फुगा दाबत होती तेव्हा डब्याच्या वरच्या कडेला डिझेलची एक बारीक रेघ उमटत होती आणि सोडला की मुरत होती. एकट्याने दाबताना नजर फुग्यावर असायची, कडेकडे बघायला कुणी नव्हतंच. त्याने तिला आणखी एकदा दाबायला सांगितलं. रेघ पुन्हा आली.

त्याने डबा खोलला. वर बोट फिरवलं तर जुन्या डब्याची रिंग झाकणाच्या खाचेत तशीच चिकटून राहिलेली. काळ्यावर काळी, मगाशी दिसलीच नव्हती. तिच्यावर नवी रिंग बसलेली. दोन रिंगांच्या फटीतून हवा आत जात होती. एरवी त्याला ही गोष्ट उघडताक्षणी दिसली असती. त्याने नखाने जुनी रिंग उकरून काढली आणि तळहातावर घेऊन उभा राहिला. डबा परत बसवायचा हे कळत होतं, पण हात उचलत नव्हते. उभ्या उभ्याच पापण्या मिटायला लागल्या.

"केतन," भामाने विचारलं, "काशिरामच्या थोरलीला कुठं दिली रं?"

त्याच्यात काहीतरी तुटलं. "केगावला. केगावला दिली, आये. किती वेळा सांगू? तुला खरंच आठवत नाही का?"

"मना आठवतं. त्या लग्नात भात मीच वाढलाय."

"मग रोज रोज विचारतेस कशाला?"

भामाने फुग्यावरचा हात काढला आणि पदराला पुसला. "तुजं डोलं मिटतात म्हनून," ती म्हणाली. "नुसता बोलला तर तू हं हं करतंस आनी झोपतंस. विचारला तर जवाब द्यावा लागतो."

ती खाली फरशीकडे बघत सांगत राहिली. मागल्या आठवड्यात कळंबोलीच्या पुढे गाडी आपसूक डावीकडं सरकायला लागली होती. तिकडं कंटेनर होता. तिने ओरडायच्या आधीच कंटेनरवाल्याने भोंगा वाजवला.

केतनला तो भोंगा आठवत होता. कंटेनरवाला आपल्या अंगावर आला, अशी त्याची समजूत होती. घरी येऊन रंजिताला तसंच सांगितलंही होतं, कंटेनरवाल्याला चार शिव्या घालून.

"काल गाडी बंद पडली ना," भामा म्हणाली, "मना बरा वाटला. म्हटला, उभी हाय तवर तरी काय व्हनार नाय. आज तुला सांगनारच व्हते. उद्यापासून मी नाय येत लाईटला. झाली तेवढी बस झाली."

"अशी मधेच सोडायची नसते ती."

"मंग काय करू? माजं बरं व्हईल, आनी तुजं काय?"

आपण दात आवळून दिलेली सगळी उत्तरं त्याला आठवली. गाडीत जे आपल्याला सोसवत नव्हतं, त्याच्याच जोरावर आपण रोज घरी पोचत होतो. तो परत चाकाशी बसला, आणि भामा दुसरं काही न सुचून त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिच्या हाताला डिझेलचा वास होता.

रंजिता दारात उभी होती. ती केव्हा आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती नवीन पनवेलच्या शाळेत शिकवायची, शाळा दुपारची. सकाळ तिला मोकळी असायची. लायसन्सही होतं. सुरुवातीला रविवारी सेक्टरच्या रस्त्यांवर गाडी चालवायची. शेजारी बसून केतन दर वळणाला सूचना द्यायचा, हँडब्रेकवर हात ठेवायचा, त्याला कंटाळून तिनेच सोडून दिलं.

"उद्या आईंना मी नेते," ती म्हणाली.

"हायवे आहे तो, रंजिता. कंटेनर असतात."

"कंटेनर तुम्हालाही दिसला नव्हताच."

ती हे चिडून म्हणाली नाही.

त्याने डबा एका रिंगेवर नीट बसवला. भामा खुर्चीत बसली आणि या वेळी रंजिताने फुगा दाबला. दाबता दाबता तो जड झाला, मग कडक झाला, मग बोटं आत जाईनात. कडेला ओल नव्हती. केतनने चावी फिरवली. इंजिन बराच वेळ नुसतं घरघरलं, मग पांढरा धूर टाकून पेटलं, दोनदा अडखळलं आणि एका सुरात चालू लागलं. रंजिता हात धुवायला गेली. केतन चालू गाडीत स्टिअरिंगवर कपाळ टेकून थोडा वेळ बसून राहिला.

संध्याकाळी रंजिताने गाडी खारघरपर्यंत नेऊन आणली. केतन शेजारी बसला होता. पुलाच्या चढावर मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला तेव्हा त्याच्या ओठांवर आलेली सूचना त्याने गिळली. गाडी चढ सरळ चढून गेली. उतरल्यावर रंजिताचे तळवे ओले होते, तिने ते साडीला पुसले. तो एवढंच म्हणाला, की क्लचवरून पाय जरा उशिरा उचल.

सोमवारी सकाळी तो यार्डातून आला तेव्हा दोघी तयार होत्या. भामा आधीच जाऊन गाडीत बसली होती. बाहेर पडताना रंजिताने गिअर करकरवला आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. पोचल्यावर फोन कर, असं त्याने सांगून ठेवलं होतं. फोन छातीवर ठेवून तो पलंगावर पडला. दोघी आत्ता कुठे असतील याचा हिशोब करत होता, कळंबोलीपर्यंत आला आणि तिथेच झोपला. फोन वाजून गेलेला त्याला कळलाच नाही.

उठला तेव्हा दुपार कलली होती. शेजारचं बांधकाम नेहमीसारखंच धडधडत होतं. रंजिता शाळेत गेली होती. ओट्यावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. भामा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. त्याने विचारल्यावर म्हणाली, सिग्नलला एकदा बंद पडली, पन ती रंजितानं पाडली, लगेच लावली बी. मग थोडं थांबून म्हणाली, "आज मी जाताना झोपले गाडीत."

लाईटने तिच्या गळ्याखालची कातडी काळवंडली होती. दिवसभर घरात वावरताना ती पदर असा घ्यायची की ती कुणाला दिसू नये. आता तो सरकला होता आणि तिने सावरला नाही.

"केतन, मना लय थकवा आलाय रं," ती म्हणाली. "अंगात काय उरलाच नाय."

इतक्या महिन्यांत हे ती पहिल्यांदाच बोलत होती. त्याने उशी सारखी केली, तिला डाव्या कुशीवर निजवलं, पंखा एका खुणेने कमी केला. बांधकामाचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. मग स्वयंपाकघरात जाऊन ताटावरचं झाकण काढलं आणि उभ्यानेच थंड भात कालवायला लागला.