कधी निघू?

या, असे जवळ सरका. पाठ दुखत असेल तर भिंतीशी टेका, पण कान इकडे असू द्या. आज एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. एकतीस वर्षं इस्पितळाच्या खिडकीत बसून त्यांनी लोकांना नंबर दिले, म्हणून सगळे त्यांना नंबरमावशी म्हणत, आणि ज्याला त्याला त्याच्या दारी पोचवलं. याहून वेगळी पूजा मला तरी ठाऊक नाही.

"सहा महिने?" नंबरमावशींच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. "अहो साहेब, अठरा दिवसांनी मी निवृत्त होतेय!"

"मावशी, ॲप म्हणजे चहा नव्हे, उकळला की गाळला," चष्मेवाले साहेब हसले. इस्पितळाची रांग मोबाईलवर आणायचं काम त्यांच्याकडे होतं. पाठीमागच्या फळ्यावर बावीस चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. रुग्णाचा फोटो, रक्तगट, डॉक्टरांना तारे देणे, काय नि काय.

"हे सगळं कुणी मागितलं?"

"लागेलच ना लोकांना."

"म्हणजे कुणीच नाही."

कोपऱ्यात बसलेली प्रोग्रॅमर पोरगी खुदकन हसली आणि लगेच खोकली.

मावशींना घाई होती, कारण त्या शब्दाला बांधलेल्या होत्या. खुब्याच्या दुखण्याचे एक आजोबा दर पंधरवड्याला उजाडताच काठी टेकत रांगेत उभे राहत. मागच्या खेपेला ते रांगेतच घसरून खाली बसले, आणि पाण्याचा घोट घ्यायच्या आधी म्हणाले, "बाई, तेवढा माझा नंबर जाऊ देऊ नका." मावशींनी त्यांना हात देऊन उठवलं. "मी जाण्याआधी तुमची रांग सुटेल," असं त्या बोलून गेल्या होत्या.

"मला एक फोन द्या," त्या साहेबांना म्हणाल्या, "आणि ही पोरगी द्या. चार दिवस मीच तुमचं यंत्र होते. लोक विचारतील, मी उत्तर देईन, ही लिहून घेईल. जे कुणी विचारणार नाही, ते बांधूच नका."

साहेबांनी चष्मा पुसला. "चार दिवस वाया गेले तर?"

"मग माझ्या नावानं ओरडा. नाहीतरी मी जाणारच आहे."

दुसऱ्या दिवशी मावशींनी रांगेतल्या चाळीस जणांना गोळा केलं. "यंत्र अजून जन्मायचंय. तोवर मी आहे. घरी बसा, संदेश पाठवा." खिडकीत बदली माणूस बसला आणि मावशी पडद्यामागे. फोन टुणटुणू लागला. 'मावशी, कधी निघू?' 'आता निघू का?' 'बस चुकली, नंबर गेला का?' चौथ्या संध्याकाळी पोरीनं मोजलं. तीनशे बारा संदेश, त्यातले उशिराचे नि न येण्याचे नऊ सोडले तर सगळ्यांचा एकच प्रश्न. फोटोचं नाव कुणी काढलं नव्हतं.

साहेबांनी एकोणीस चिठ्ठ्या उपटल्या. उरल्या तीन: कधी निघू, उशीर होतोय, येत नाही.

तेवढं दोन दिवसांत बांधून झालं. सोमवारी संगणक स्वतः उत्तरं द्यायला लागला, आणि दहाच्या सुमाराला हाडांच्या डॉक्टरांच्या दाराशी ही झुंबड! त्वचेचे डॉक्टर मात्र माशा मारत बसलेले.

"गणित तर बरोबर आहे!" साहेबांना घाम फुटला. "प्रत्येकाला सात मिनिटं धरलीत."

"गणित बरोबर आहे हो, माणसं सारखी नाहीत," मावशी म्हणाल्या. "त्वचेवाले चार मिनिटांत मोकळे होतात. हाडांचे अकरा घेतात, सोमवारी चौदा. सुट्टीत पडलेले सगळे सोमवारीच उगवतात ना. मुलांच्या डॉक्टरीण बाई आठ, पण मूल रडलं की पंधरा. त्या आधी त्याला हसवतात, मग तपासतात."

"मावशी, हळू सांगा ना," पोरगी टंकता टंकता म्हणाली, "एकतीस वर्षं टाईप करायचीत मला."

मावशींच्या शेवटच्या दिवशी ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं होतं. सकाळी आठ वाजता दालन इतकं रिकामं होतं, की झाडूवाल्या ताई दारातच थबकल्या. "आज सुट्टी आहे का हो?"

अकराला दहा कमी असताना आजोबा आले. दाढी केलेली, काठीला नवं रबर.

"बाई, हा फोन म्हणतो, सरळ आत जा. जाऊ?"

"जा की!"

"रांग कुठाय पण?"

"सुटली, आजोबा."

त्यांनी काठी काखेत धरून हात जोडले आणि आत गेले. दार लागलं, तेव्हा पोरीनं टाळी वाजवली. मग साहेबांनी, मग ताईंनी झाडू काखोटीला मारून.

"सहा महिने वाचवलेत, मावशी," साहेब म्हणाले.

"वाचले खरे. पण त्यात एकतीस वर्षं घातलीत माझी!" आणि त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

पाच वाजता कुलूप लावण्याआधी त्यांनी सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं. समोर एकही चेहरा नव्हता. आवारात एक झाड होतं, चांगलं उंच, पिवळ्या फुलांचं. ते इथून दिसतं, हे त्यांना आजच कळलं. बराच वेळ त्या पाहत राहिल्या.

तर मंडळी, उद्या तुमचा फोन सांगेल, 'आता निघा.' निघा जरूर. पण चपला पायात सरकवताना त्या पडद्यामागच्या माउलीची क्षणभर आठवण काढा.