मामांची खुर्ची आणि वहिनींचा ग्रुप

सरकारने राज्यातल्या घराघरात इंटरनेट पोचवलं आणि सलूनवाल्या मामांच्या पोटात दुखायला लागलं. तोवर गल्लीतली प्रत्येक बातमी आधी त्यांच्या खुर्चीत बसायची, मग बाहेर पडायची. आता गिऱ्हाईक अंगावरच्या कापडाखाली मोबाइल चाळत बसे, आणि बातम्या सगळ्या समोरच्या शिलाईवाल्या वहिनींनी काढलेल्या गल्लीच्या ग्रुपवर. कोण आजारी, कुणाला नोकरी लागली, कुणाकडे पाहुणे आले. वहिनींनी टाकायचा अवकाश, लाल बदामांची नुसती रीघ.

"सरळ टाका घालता येत नाही हिला, आणि निघाली बातम्या द्यायला," मामा आरशाला सांगत. त्याच आरशात वहिनींचं दुकान दिसायचं, हे त्यांचं दुर्दैव. मत्सर होता तो, दुसरं काही नाही. मामांनीही ग्रुपवर सुप्रभात टाकून पाहिलं. कुणी ढुंकून बघितलं नाही.

अशात घड्याळवाला दाढीला आला. शाळेपासूनचा मित्र. फेस लावला की डोळे मिटून मनातलं बोलायची त्याची जुनी सवय. तसाच तो म्हणाला, "हात थरथरतात रे हल्ली. बारीक स्क्रू धरवत नाही. कुणाला बोलू नकोस, धंदा बसेल माझा."

"माझ्या तोंडून ब्र निघायचा नाही."

निघालाही नाही, संध्याकाळपर्यंत. मग वहिनींनी मांजराच्या पिल्लांचा फोटो टाकला, त्यावर अख्खी गल्ली लोटली आणि मामांना राहवेना. त्यांनी लिहिलं, 'आपल्या घड्याळवाल्याचे हात थरथरतात. सगळ्यांनी त्याला सांभाळून घ्या.' बदामच बदाम आले. खुद्द वहिनींनी एक दिला, तेव्हा मामांना जेवण गोड लागलं.

पण बातमी गल्लीत थांबायचे दिवस गेले होते. ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली. तिथून दुरुस्तीला घड्याळं पाठवणाऱ्या दुकानदाराने ती सगळी परत मागवली. मग गल्लीतलेही एकेक जण येऊन आपापलं घड्याळ घेऊन गेले. असं त्याला सांभाळून घेतलं सगळ्यांनी.

पुढच्या दाढीला घड्याळवाला आला. मामांनी फेस लावला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत, आरशातून मामांकडे बघत राहिला. मामांनी वस्तरा त्याच्या गळ्याशी नेला आणि पातं हलायला लागलं.

"तुझाही हात थरथरतोय," घड्याळवाला शांतपणे म्हणाला. "काळजी करू नकोस. मी कुणाला सांगणार नाही."