चौकटीत मावायचं तर

"अहो ताई, आणखी आत सरका. तुमच्या दोघींच्या मधून बस जाईल!" फोटोवाली मावशी कॅमेऱ्यामागून ओरडली.

बागेतल्या बाकावर नव्वदीला टेकलेल्या आजी काठी धरून बसल्या होत्या. एका टोकाला थोरली लेक लालभडक शाल पांघरून, दुसऱ्या टोकाला धाकटी पोपटी शालीत. वडिलांच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून बहिणींचं बिनसलं होतं आणि बोलणं तुटलं, ते तुटलंच. आज आईनं हट्ट धरला म्हणून आल्या होत्या, पण वेगवेगळ्या गाड्यांनी.

मावशी म्हणजे हसतमुख, तोंडाळ बाई. नवरा गेल्यावर तिनं त्याचा स्टुडिओ बंद केला. ते पडदे, ते दिवे तिला कधी मानवलेच नाहीत. कॅमेरा गळ्यात अडकवून ती बागेत आली आणि इथेच रमली. झाडाखाली उजेड चेहऱ्यावर कसा मऊ उतरतो, कुठला रंग शहाण्यासारखा गप्प बसतो आणि कुठला आगाऊपणा करतो, हे ती इथेच शिकली.

आत्ता लाल रंगाचा आगाऊपणा चालला होता. नजर उठून थोरलीकडेच धावायची. धाकटी मागच्या झुडपात अशी मिसळली होती की नुसतं तोंड उरलं होतं. आणि मधल्या करड्या स्वेटरातल्या आजी दिसतच नव्हत्या.

"आजी, इथं ऊन डोळ्यांवर येतंय. त्या पांढऱ्या भिंतीपाशी सावलीत बसू या."

तिथला कट्टा आखूड होता, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

"आता ताई, ती शाल आईला द्या बघू."

"मला थंडी वाजते," थोरली म्हणाली.

"फोटो कुणाचा आहे?" आजींनी विचारलं. थोरलीनं शाल काढून आईच्या खांद्यांवर घातली. लाल रंग मधोमध आला आणि आजींच्या सुरकुत्यांवरसुद्धा तजेला चढला.

"अजून मावत नाहीये हो!" मावशी म्हणाली. खरं तर दोन पावलं मागं गेली असती तर सगळं मावलं असतं. आजींनी ते ओळखलं आणि हळूच डोळा मारला.

बहिणी सरकल्या. आईच्या पाठीमागे खांद्याला खांदा लागला. थोरली कुडकुडत होती. धाकटीनं जरा वेळ बघितलं, मग पोपटी शालीचं एक टोक तिच्या अंगावर टाकलं.

"धर नीट. सर्दी झाली की गाव गोळा करशील."

"तू तर जन्मजात डॉक्टरीण!"

आजी खदखदून हसल्या, मागून दोघीही फिसकन हसल्या, आणि मावशीनं बटण दाबलं.

"झक्कास!"

"आता माझा एकटीचा काढ," आजी म्हणाल्या. "घरी माझा धड फोटो नाही. नंतर धावपळ होते."

कशाच्या नंतर, ते कुणी विचारलं नाही.

मावशीच्या नवऱ्यानं गावभर लोकांचे फोटो काढले, पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. तो गेला तेव्हा तिला कुठल्याशा समारंभाच्या फोटोत कडेला अर्धा खांदा सापडला, तेवढाच. त्यामुळे ती "असं काय बोलता आजी" वगैरे म्हणाली नाही.

"मागे काय हवं?" तिनं विचारलं.

"झाडंबिडं नकोत. मोकळं असू दे."

थोरलीनं आईच्या शालीची चुणी सारखी केली. धाकटीनं चष्मा पुसून दिला. दोघी बाजूला झाल्या, एकाच शालीत. मावशीनं आजींना हिरवळीच्या उंचवट्यावर उभं केलं आणि स्वतः खाली ओल्या गवतात गुडघे टेकले. भिंत, झाडं, माणसं सगळी चौकटीबाहेर गेली. मागे नुसतं निळं आकाश उरलं.

"हसू का?" आजींनी विचारलं.

"तुम्हाला वाटलं तर."

आजींनी काठी गवतात टाकली आणि हनुवटी जराशी वर उचलली.