सापाचं इंजेक्शन कुठं होतं

देऊळगाव राजाच्या अलीकडच्या एका गावात कारभारी आणि पुष्पाबाई भाजीपाला पिकवायचे. एकुलती एक मुलगी मयुरी लग्न होऊन बुलढाण्याला गेली होती. श्रावणात एका सकाळी भेंडी तोडताना पुष्पाबाईंच्या पायाला घोणस चावली.

कारभारी मांत्रिकाच्या नादी लागले नाहीत. शेजारच्या इंद्रभानची जीप काढून त्यांनी थेट खालच्या गावचा सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, सलाइन लावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "इंजेक्शन संपलंय, काका. जालन्याला न्या."

"जवळपास दुसरीकडं कुठं भेटन का?"

"माझ्याकडं ती माहिती नसते हो." तरी त्यांनी दोन ठिकाणी फोन लावून पाहिला. कुणी उचलला नाही.

जीपमध्ये पुष्पाबाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्या पदरानं पुसत राहिल्या. "मयुरीले आताच नका सांगू," त्या म्हणाल्या, "घाबरन ते." जालना आलं तेव्हा त्यांचा हात कारभारींच्या हातात होता, पण त्यात जीव उरला नव्हता.

दहाव्याला नातेवाईक जमले. कारभारींची टेकडीपलीकडच्या गावची चुलतबहीण अन्नपूर्णाबाई बोलता बोलता म्हणाली, "आमच्या दवाखान्यात तं होतं इंजेक्शन. त्याच दिवशी दुपारी आमच्या शेजारणीले दिलं ना."

टेकडीपलीकडचं गाव जालन्यापेक्षा कितीतरी जवळ. कारभारी उठून गोठ्यामागं गेले. मयुरी मागोमाग गेली, तर ते भिंतीला हात टेकून उभे होते.

"गाडी तिकडं वळवली असती, मयुरी..."

"तुमाले कसं माहीत असणार, आबा?"

"मले नव्हतं. कोणाले तरी असनच ना."

हाच प्रश्न घेऊन दोघं बुलढाण्याच्या आरोग्य कार्यालयात गेली. औषधांच्या साठ्याचं काम पाहणारे शेषराव नावाचे अधिकारी भेटले. माणूस चांगला होता. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि खोटं बोलले नाहीत. "कोणत्या दवाखान्यात काय शिल्लक आहे, ते आम्हाला रोज इथं दिसतं," त्यांनी संगणकाकडं बोट दाखवलं.

"मंग आमाले काऊन नाही दिसत?"

"त्यातच पेशंटची नावं, आजार असतात. ते उघडं करता येत नाही. आणि कुठं शून्य दिसलं, की लोक डॉक्टरच्या अंगावर जातात."

"नावं झाका ना. ते झाकलीच पायजे," कारभारी म्हणाले. "मले फक्त गाडी कोणत्या रस्त्यानं वळवायची, तेवढं सांगा."

शेषरावांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

मग कारभारींनी ते काम सोडलं नाही. औषधांचा साठा सगळ्यांना दिसावा, असा गावच्या ग्रामसभेत ठराव झाला, टेकडीपलीकडच्या गावातही झाला. शेतात जाणाऱ्या बायाच त्यासाठी पुढं झाल्या, कारण गवतात पाय त्यांचे असतात. शेषरावांनी वर तसा प्रस्ताव पाठवला. तो एकदा परत आला, त्यांनी दुरुस्त करून पुन्हा पाठवला. पुढच्या पेरणीच्या आधी साठ्याची माहिती सगळ्यांना मोबाईलवर दिसू लागली. गावाचं नाव, औषध, किती शिल्लक. माणसाचं नाव कुठंच नाही. अॅम्ब्युलन्सवाल्यांनाही ती मिळू लागली.

शेषरावांनी बापलेकीला बोलावून ती दाखवली. कारभारींनी बराच वेळ पाहिलं.

"मागचं दिसते का, साहेब?"

"दिसतं."

"आबा, नका पाहू," मयुरी म्हणाली.

कारभारींनी साप चावला त्या दिवसाची तारीख सांगितली. शेषरावांनी नाइलाजानं ती टाकली. खालचं गाव, शून्य. टेकडीपलीकडचं गाव, बावीस.

"हाव, होतं," कारभारी एवढंच म्हणाले.

मयुरी त्यांना एसटीत बसवायला स्टँडवर आली. गाडी लागली होती, पण ते चढेनात. शेवटी बाकावर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली.

"तुही माय वाचली असती, बाई," ते म्हणाले. आणि पुष्पाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच ते मोठ्यानं रडले. लोक बघत होते. मयुरी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. गाडी निघून गेली, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.