मशीनपुढचा पेढा

माझ्या दवाखान्यात शहाण्णव साली कॉम्प्युटर आला, तो काही मी मागितला म्हणून नव्हे. ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या साहेबांना आधुनिक व्हायची घाई झाली होती. "पेशंटचा सगळा रिपोर्ट टेलिफोनच्या तारेतून थेट तुमच्या टेबलावर, डॉक्टर! क्षणात!" असं म्हणत त्यांनी नौपाड्यातल्या आम्हा फॅमिली डॉक्टरांच्या गळ्यात एकेक खोकं मारलं. आणि घरी जाताना पेशंटच्या हातात मिळायचा तो कागद बंद करून टाकला. पुढारलेल्या माणसांना कागदाची लाज वाटते म्हणे.

चेंदणी कोळीवाड्यातल्या मंजुळाबाई माझ्या जुन्या पेशंट. मधुमेह वाढला म्हणून मीच त्यांना तिथे पाठवलं होतं. खंडेनवमीला सकाळी चौकशीसाठी फोन केला, तर कॉम्प्युटरवर बसणारी प्रमोदिनी म्हणाली, "त्या काल घरी गेल्या ना, सर."

"घरी गेल्या? आणि मला पत्ता नाही? औषध काय दिलंय?"

"सगळं रिपोर्टमध्ये आहे, सर. मशीनमध्ये."

"मग पाठव की!"

"आज नाही ना पाठवता येणार. मशीनची पूजा झालीय. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, पेढा ठेवलाय. आता दसरा झाल्याशिवाय चालू करायचं नाही, साहेबांनी सांगितलंय."

धन्य! लोहाराने खंडेनवमीला ऐरण पुजली आणि हातोडा बाजूला ठेवला, तर कुणी मरत नाही. ह्यांना तेवढाही पोच नाही! मी तोंड सोडणार, एवढ्यात मंजुळाबाईंचा मुलगा परशुराम धापा टाकत दारात उभा राहिला.

"डॉक्टर, आईच्या अंगात आलंय. बाया म्हणतात देवी आली, पण मला ते बरोबर वाटत नाय. लय घाम फुटलाय तिला."

मी फोन आपटला, बॅग उचलली आणि त्याच्याबरोबर रिक्षात बसलो. त्याला दरडावून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. हॉस्पिटलने साखर उतरवायची नवी, जोरकस गोळी दिली होती. माझी जुनी बंद करायची का, असं मंजुळाबाईंनी विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुमच्या डॉक्टरांकडे कॉम्प्युटरवर कळवलंय, काही असलं तर ते सांगतील." मी काहीच सांगितलं नाही, म्हणजे सगळं ठीक. दोन डॉक्टरांतल्या एकालाही कशाला दुखवा, म्हणून बाईंनी दोन्ही गोळ्या घेतल्या. आणि वर नवरात्राचा कडक उपास!

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मंजुळाबाई केस सोडून घुमत होत्या, अंग थरथरत होतं, तोंडाने काहीबाही बडबड. समोर बाया हात जोडून बसलेल्या. एकजण तर लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारत होती! माझं डोकं फिरलं. "सरका! देवी नाही, साखर उतरलीय तिची! मरेल ती!" असं ओरडत मी आत घुसलो आणि शिरेतून ग्लुकोज द्यायला लागलो.

हळूहळू घुमणं थांबलं. मंजुळाबाईंनी डोळे उघडले, पदर सावरला आणि म्हणाल्या, "अगं बाई, डॉक्टर! च्या ठेवा रे कुणीतरी."

आता बायांना झापायचं म्हणून मी वळलो. "मघापासून हिला काय दिलंत?"

शेजारच्या म्हाताऱ्या आवडाबाई घाबरत पुढे आल्या. "काय नाय ओ. देवी आली म्हणून तोंड गोड केलं. मूठभर साखर घातली."

झापायचं राहूनच गेलं. ती साखर पोटात गेली नसती, तर मी पोचेपर्यंत बाई बेशुद्ध पडल्या असत्या, कदाचित गेल्याही असत्या. ह्यांनी जिला देवी मानलं, तिच्या तोंडात निदान घास तरी घातला.

दसरा उलटल्यावर माझं खोकं किंचाळलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "जुनी गोळी तातडीने बंद करावी." पाठोपाठ प्रमोदिनीचा फोन.

"मिळालं ना, सर? बघा, क्षणात गेलं!"

"मिळालं. एक विचारू? मशीनपुढे पेढा ठेवला होतात ना, तो कुणी खाल्ला?"



"साहेबांनी, सर."