खार उसवताना

"खार काढायची, पापा. एवढंच काम आहे."

रोमारिकने ते भलंमोठं कापड माझ्या टेबलावर टाकलं, तेही मिरचीच्या वाडग्याला खेटून. मी वाडगा उचलला. आगोसूंनी आपलं ताट उचललं. वयस्कर माणसाला आमच्याकडे सगळेच पापा म्हणतात.

"कुठून काढायची?" त्यांनी विचारलं. तोंडात घास होता.

"कुठून म्हणजे? कापडावरून. उसवायची आणि तिथं चित्ता बसवायचा. आता आपण खारी नाही राहिलो. चित्ते झालो. रेडिओ ऐकत नाही का तुम्ही?"

"ऐकतो की. मला वाटलं, ते खेळाडूंपुरतं असेल."

बाकावर जेवणारे झेमवाले खो-खो हसले. पिवळे शर्ट घालून दिवसभर मोटारसायकलवरून माणसं वाहणारी ही मंडळी दुपारी माझ्याकडे चवळीभात खायला येतात आणि हसायला कारण शोधत असतात. आगोसू मात्र विनोद करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

आफ्रिकेतल्या आमच्या छोट्या देशाच्या फुटबॉल संघाला कितीतरी वर्षं 'खारी' म्हणत आले. कारण मी ऐकलं ते असं, की खार लहान असली तरी वर चढते. आम्ही चढायचो क्वचित, पण लहान होतोच. पूर्वेच्या शेजाऱ्यांचे गरुड, पश्चिमेचे ससाणे, त्यापलीकडे हत्ती, आणि सिंह तर तीन-तीन देशांकडे. अशा जंगलात आमची खार हातभर शेपूट सांभाळत उतरायची. मग वरच्या लोकांनी ठरवलं, नाव बदलायचं. बदललं. यात माझं काही म्हणणं नाही. भाताच्या टपरीला कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे.

पण हे कापड आमच्या, कोतोनू शहरातल्या कुहूनू वस्तीच्या समर्थक मंडळाचं होतं, आणि त्यावरची खार आगोसूंनी कापली होती.

आगोसू पायाळू. आमच्यात पायाळू मुलाचं नाव आगोसूच ठेवतात, आईबापांना निवड नसते. आधी पाय बाहेर आलेत म्हटल्यावर शेजारीपाजारी म्हणाले, हा फुटबॉल खेळणार. शाळेत एकदा गोलात उभं केलं तेव्हा चेंडू नाकावर बसला, आणि तिथेच ते सगळं संपलं. नाक अजून किंचित डावीकडे आहे. घराणं अबोमेचं, राजांच्या जुन्या राजधानीतलं, पिढ्यान्‌पिढ्या कापड कापणाऱ्यांचं. रंगीत कापडातून प्राणी कापायचे आणि मोठ्या कापडावर शिवायचे, राजवाड्यासाठी. प्रत्येक राजाचा आपला एक प्राणी. हे धाकटे म्हणून कोतोनूला आले आणि एका शिंप्याच्या दुकानात पडदे आणि शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला.

फुटबॉलचं वेड होतं ते लेओन्तीनला, त्यांच्या बायकोला. मंडळ तिनेच उभं केलं. बाजारातल्या बायकांना हाताला धरून स्टेडियमवर नेणारी ती पहिली. तिचा आवाज असा, की पंच तिच्या बाजूला यायला टाळतो असं लोक म्हणायचे. आगोसू तिच्याबरोबर जायचे, कारण ती गेल्यावर घरात जेवायला कोणी वाढत नसे. एकदा ती म्हणाली, "तुमच्या घराण्यानं राजांसाठी सिंह कापले. माझ्यासाठी एक खार कापा." त्यांनी कापली. पिवळ्या कापडावर तपकिरी खार, बकरीएवढी मोठी, शेपूट पाठीवरून पार डोक्यापर्यंत आणलेली.

पुढे त्यांनी स्वतःच्या मनाने त्या कापडाच्या काठाला मडकी शिवायला घेतली. आफ्रिकेच्या मोठ्या स्पर्धेत आम्ही पहिल्यांदा पोहोचलो आणि तिन्ही सामने हरलो, तेव्हा तीन उपडी मडकी. चार वर्षांनी परत गेलो, परत तीन उपडी. तिसऱ्या खेपेला एक बरोबरी झाली. आता बरोबरीचं मडकं कसं कापायचं यावर त्यांनी आठवडा घालवला. शेवटी आडवं पडलेलं कापलं. आणि मग इजिप्तमधली ती स्पर्धा. बरोबरी, बरोबरी, बरोबरी, आणि मोरोक्कोशीही बरोबरीच. पण तिथे पेनल्टीवर आम्ही त्यांना घरी पाठवलं आणि शेवटच्या आठात जाऊन बसलो. सगळं कोतोनू रस्त्यावर आलं होतं. आगोसू लेओन्तीनच्या कानात ओरडत होते, "पण हे जिंकणं धरायचं की बरोबरी?"

"अहो, गाव नाचतंय आणि तुम्ही मडकी मोजताय!" ती म्हणाली.

चौथंही त्यांनी आडवंच शिवलं. पुढचा सामना हरलो, त्याचं परत एक उपडं. उभं, भरलेलं मडकं त्या कापडावर एकही नाही.

लेओन्तीन त्याच वर्षी गेली. तिच्यानंतर त्यांना उरली ती मंडळाच्या बसमधली खिडकीची जागा आणि स्टेडियमवर कापडाच्या डाव्या काठीशेजारची खुर्ची. बाकी दिवसांत ते माझ्या टपरीशिवाय कुठे बोलताना मी पाहिलेले नाहीत.

तर ते रोमारिकला म्हणाले, "चित्ता कापतो. पण खारीच्या शेजारी लावू."

"शेजारी?"

"आमच्यात राजा गेला म्हणून त्याचा प्राणी काढत नाहीत. नवा येतो तो पुढे बसतो. जागा आहे कापडावर."

"पापा, चित्त्याच्या शेजारी खार!" रोमारिक झेमवाल्यांकडे वळला. "लोक म्हणतील, चित्त्यानं घरून डबा आणलाय."

बाक परत हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. रोमारिक बोलतो छान. स्टेडियमच्या भिंतीला लागून मोबाइलची कव्हरं विकतो आणि बोलण्यावरच विकतो. ढोल वाजवायला त्याला लेओन्तीनने शिकवलं होतं, हातावर फटके देऊन. मंडळाचा अध्यक्ष झाला तेव्हा तो आधी तिच्या थडग्यावर जाऊन आला होता. वाईट माणूस नाही.

"हे बघा," तो खाली बसला, आवाज उतरवला. "पुढच्या सामन्याला टीव्हीवाले येणार. सगळी मंडळं चित्ते घेऊन येणार. आपलंच एक कापड खार दाखवणार? लोक म्हणतील, यांना अजून बातमी कळली नाही. तुम्ही नाही केलंत तर मी बाजारातल्या मशीनवाल्याकडे देतो. तो ब्लेडनं काढतो, पाच मिनिटांत."

"ब्लेडनं?"

"मग काय, ढोल वाजवून? आणि पापा, बसमध्ये जागाही आता कमीच आहेत. मी कुणाकुणाला सांभाळू?"

शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं, हे त्याने मान फिरवली त्यावरून मला कळलं. पण ते बोलून झालं होतं. कापड तिथेच ठेवून तो गेला.

झेमवालेही पांगले. आगोसू पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळले.

"पेलाजी," त्यांनी मला नावाने हाक मारली, "आमच्या घराण्यात एकच प्राणी उसवला गेला. ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक होतं. तिकडच्या बाजूच्या कोणालाही असतं. एक राजा होता, त्याला गादीवरून उतरवला आणि मग तो झालाच नाही असं ठरवलं. राजांच्या रांगेत त्याची जागा नाही, कापडावर त्याची खूण नाही. त्याचं नाव मीही घेत नाही. भीती नाही, सवय.

"तो कोणी उसवला, तेही आमच्यात सांगत नाहीत," आगोसू म्हणाले. "आमच्याच घरातला हात होता. रात्री बसून उसवलं म्हणे. वर्षाला पूर्वजांना पाणी देतो आम्ही, तेव्हा सगळ्यांची नावं घेतो. त्या एकाचं घेत नाही. राजाबरोबर तोही गेला."

"फोफो," मी म्हटलं; थोरल्या भावाला आम्ही असं म्हणतो. "ती राजाची गोष्ट. ही फुटबॉलची खार आहे."

"हो, तेही आहे," ते म्हणाले. माझं म्हणणं त्यांना पटलं असावं असं वाटलं, पण त्यांनी कापडाला हात लावला नाही.

"मग द्या मशीनवाल्याला. तुमच्या हाताला पाप नको."

"त्याच्या ब्लेडनं खालचं कापडही जाईल. मडकीही जातील."

ते उठले, कापडाची घडी करून खांद्यावर घेतलं आणि गेले. त्या दिवशी ताटात भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, बाकावर बसायला जागा नव्हती तेव्हा, ते आले. खांद्यावर कापड, हातात छोटी टोकदार कात्री.

"टेबल मिळेल का?"

"आत्ता? फोफो, जेवायची वेळ आहे. संध्याकाळी निवांत बसा की."

"नाही. आमच्या घरातल्या त्यानं रात्री उसवलं होतं, कोणी बघू नये म्हणून." त्यांनी बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. "मला बघायला माणसं हवीत. उद्या कोणी म्हणायला नको, की खार नव्हतीच."

मी ताटं लोकांच्या मांडीवर दिली. कापड पसरलं, ते टेबल भरून दोन्ही बाजूंनी खाली लोंबलं. आगोसूंनी शेपटीच्या टोकाशी पहिला टाका उचलला आणि कात्री लावली.

थोडा वेळ नुसते चावण्याचे आवाज. मग टक्कल पडलेला एक झेमवाला म्हणाला, "ही शेपूट मी धरली आहे. अक्राहून सामना बघून येताना बसचं छप्पर गळत होतं, आम्ही हेच कापड डोक्यावर घेतलं होतं. शेपूट माझ्या तोंडावर."

"म्हणून केस गेले तुझे."

"केस गेले ते आपल्या बचावफळीमुळे. चार-चार गोल खायचे, एकेका सामन्यात!"

"चार मोरोक्कोनं घातले होते. पहिल्या खेपेला."

"आणि मग पेनल्टीला?"

"पेनल्टीला!" बाकाच्या टोकाचा एक जण उभाच राहिला. "त्या रात्री माझा मुलगा झाला. मी म्हटलं, नाव पेनल्टी ठेवा. पाद्री म्हणाला, असा संत नाही. मी म्हटलं, आजपासून आहे!"

"मग काय ठेवलं?"

"बायकोनं बोनिफास ठेवलं. मी हाक पेनल्टीच मारतो."

आगोसूंचा हात थांबत नव्हता. एकेक टाका कात्रीच्या टोकाने उचलायचा, कापायचा, दोरा ओढायचा. मान वर नाही. पण ऐकत होते. मागचे पाय सुटले तेव्हा ते मध्येच म्हणाले, "तेव्हा पाऊस होता," आणि पुढचा टाका उचलला. कोणता सामना, कोणी विचारलं नाही.

रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायला लागली. टोमॅटो विकणारी एक बाई टोपली डोक्यावर ठेवूनच उभी राहिली. "माझा नवरा एकदाच रडला माझ्यासमोर, मोरोक्कोच्या दिवशी," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणाला, डोळ्यात मिरची गेली. घरात मिरची नव्हती."

"तांती, तुझी मिरची असेल!" झेमवाल्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्या सगळ्यांची मी तांती, म्हणजे मावशी.

आमच्याकडे मयताच्या घरी असंच असतं. आधी माणसं गप्प बसतात. मग कोणीतरी गेलेल्याची टिंगल सुरू करतं, आणि मग ती थांबवावी लागते. कोणीतरी लेओन्तीनची पंचाला घातलेली शिवी तिच्याच आवाजात काढली. आगोसूंची कात्री क्षणभर थांबली. ते हसले. डावीकडे कललेलं नाक आणखी डावीकडे गेलं.

डोक्याकडे आल्यावर त्यांना जपून काम करावं लागलं. इतक्या वर्षांच्या उन्हाने खारीचं कापड कुजलं होतं. टाके सुटले की ते टाक्यांबरोबर फाटत होतं. कान वेगळा आला. एक पंजा हातातच भुरभुरला. त्यांना ती अखंड निघेल अशी आशा असावी, कारण त्यांनी एक स्वच्छ फडकं आणलं होतं, तिला गुंडाळायला. ते त्यांनी मुकाट्याने परत खिशात घातलं.

शेवटचा टाका निघाला तशी बाकावरची माणसं पुढे वाकली. सगळे टेबलाकडे बघत होते.

खालचं पिवळं कापड उन्हाने पांढुरकं पडलेलं, भाताच्या पेजेसारखं. आणि मधोमध, जिथे इतकी वर्षं ऊन पोहोचलंच नव्हतं तिथे, लख्ख पिवळ्या रंगाची एक खार. पंजे, कान, शेपूट, सगळं जागच्या जागी. कडेने टाक्यांची भोकं.

रोमारिक तेवढ्यात आला. गर्दी बघून त्याला वाटलं भांडण झालं. माणसं बाजूला सारत तो टेबलापाशी पोहोचला आणि थांबला.

"हे काय?"

"उसवली," आगोसू म्हणाले.

"पण ही तर—" त्याने बोटाने घासून पाहिलं. "धुतलं तर जाईल?"

"नाही."

"मग?"

"उन्हात ठेव. तिला लागली तेवढीच वर्षं लागतील."

रोमारिकच्या काखेत कागदातून कापलेला चित्ता होता, नमुन्याला आणलेला. त्याने तो खारीवर ठेवून पाहिला. पुढे सरकवला, मागे सरकवला, तिरका केला. चित्ता सडपातळ. शेपूट काही झाकेना. कोणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, तुमचा चित्ता खारीवर बसून निघालाय." या वेळी रोमारिक हसला नाही. त्याने कागदाची गुंडाळी केली.

"पापा, चित्ता तुम्हीच कापा," तो म्हणाला. आवाज एकदम पोरासारखा झाला होता. "जरा जाडा कापा. बसेल. बसमधली तुमची जागा आहेच, ते मी उगाच बोललो. खिडकीचीच आहे."

"नको."

"रागावलात?"

"नाही रे. चित्ता चांगला प्राणी आहे. पण ज्यानं उसवलं त्यानं नवा लावू नये. दुसरा कोणी बघ. ब्लेडवाला नको, सुईवाला बघ."

त्यांनी कापडाची घडी केली, मडक्यांचा काठ आत राहील अशी. मग दोन्ही हातांनी रोमारिकसमोर धरली. रोमारिकनेही घाईघाईने गुंडाळी काखेत दाबली आणि दोन्ही हात पुढे केले. कापड घेऊन तो गर्दीतून निघून गेला. माणसंही निघाली. माझा भात गार झाला होता, आणि कोणी तक्रार केली नव्हती.

टेबलावर खारीचे तुकडे आणि दोरे राहिले. मी फडकं घेऊन पुढे झाले तशी आगोसूंनी मला हाताने थांबवलं. त्यांनी तळहाताने सगळं टेबलाच्या कडेपर्यंत ओढलं आणि खाली दुसरा हात धरून त्यात पाडलं. स्टेडियममध्ये पलीकडच्या बाजूने दिसायची ती खार. त्यांच्या मुठीत जवळजवळ मावली.

"चला पापा, सोडतो," टकल्या झेमवाल्याने मोटारसायकल सुरू केली. "पैसे नकोत. पण घट्ट धरून बसा, पुढे रस्ता खराब आहे."

आगोसू मागे बसले. झेमवाल्याने परत सांगितलं, दोन्ही हातांनी धरा. त्यांनी एका हाताने त्याचा पिवळा शर्ट धरला. दुसरी मूठ छातीशी बंद ठेवली. गाडी खड्ड्यातून उसळली तेव्हा ते एका बाजूला पार कलले. पण ती मूठ त्यांनी उघडली नाही.