आजी-आजोबांकडून

चौथा कागदही तिरकाच बाहेर आला. रीडिंगवाल्यांनी तो ट्रेमधून ओढून खिडकीपाशी धरला. बारा लेबलं, प्रत्येकावर वेल, वेलीत एक खार, आणि बाराही खारी उताराला लागल्यासारख्या डावीकडे कलंडलेल्या.

"तुला आता काय झालं?" त्यांनी प्रिंटरला विचारलं. प्रिंटर गप्प राहिला, आणि घरात उत्तर देणारं दुसरं कोणी नव्हतं.

बत्तीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरलेला हा माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आजूबाजूचे लोक त्यांना रीडिंगवालेच म्हणत. दारात जायचं, आकडा वहीत उतरवायचा, पुढच्या दारी जायचं. आकडा का वाढला, का घटला, ही चौकशी त्यांच्या कामात बसत नव्हती. संसारही त्यांनी साधारण ह्याच पद्धतीने केला असं कोणी म्हटलं असतं तर त्यांना राग आला असता. पण म्हणणाऱ्याचं फारसं चुकलं नसतं.

लेबलांचा उद्योग नवराबायकोचा. बायको शिशुवर्गाची बाई होती, चित्रं काढण्यात हात बसलेला. ती कागदावर खारी, पाखरं, पानंफुलं काढायची. हे ती चित्रं कॉम्प्युटरवर चढवायचे, खाली अक्षरं घालायचे, छापून कात्रीने कापायचे. नात्यागोत्यातली एकही भेट ह्यांच्या लेबलाशिवाय बांधली जात नसे. जाड कागद मात्र प्रिंटरला मागून एकेक भरवावा लागे आणि रोलर पकडेपर्यंत कोणाला तरी तो दोन्ही तळव्यांत धरून ठेवावा लागे. बटण दाबणं ह्यांचं आणि धरणं तिचं.

धरणारी तीन महिन्यांपूर्वी निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "मी एक खोली घेतली आहे. एक तारखेपासून तिथे राहणार."

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं होतं.

"बघू," ती म्हणाली. दोन पिशव्या आणि चित्रांचं छोटं टेबल घेऊन ती गेली. जाताना डाळीचे डबे कुठे आहेत ते दाखवून गेली, म्हणजे रागावलेलीही नव्हती. तेव्हापासून रीडिंगवाले चक्रावले होते. शेजाऱ्यांना त्यांनी ती बहिणीकडे गेल्याचं सांगून टाकलं. पुढच्याच आठवड्यात ती बहीणच दारात येऊन "ताई आहे का?" विचारायला लागली आणि त्यांची भर जिन्यात पंचाईत झाली.

फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, लेबलं झाली का? पोरांना वाटायच्या पुड्या बांधून तयार आहेत. चाळीस हवीत."

"होतील. कागद जरा तिरका जातोय."

"रविवारी चिमीचा वाढदिवस आहे हो, आज शुक्रवार." ती थांबली. "आणि तुमच्या भेटीचं काय?"

"घेतली ना. रंगीत पेन्सिली, छत्तीस रंगांच्या. तुझ्या आईनेच फोनवर सांगितलं होतं, त्याच घ्या म्हणून."

"भेट नाही विचारत. तिच्या लेबलावर खाली काय लिहिणार?"

रीडिंगवाल्यांनी हातातला तिरका कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"चिमीला आता वाचता येतं, बाबा. मी तिला सांगितलंय की आजी कामाला जवळ पडतं म्हणून तिकडे राहते. तुम्ही जे लिहाल ते मला सांभाळून घ्यावं लागेल, एवढंच." आणि तिने फोन ठेवला.

कॉम्प्युटरवर नातीचं लेबल तयारच होतं. दर वर्षी फक्त तिच्या वयाचा आकडा बदलायचा. खालची ओळ सात वर्षं तीच होती, 'आजी-आजोबांकडून'. त्यांनी आकडा बदलला. मग खालच्या ओळीतली आजी खोडून पाहिली. उरलेले आजोबा लेबलाच्या मधोमध असे बिचारे दिसायला लागले की त्यांनी घाईघाईने आजी परत टाकली. आता ते खोटं वाटायला लागलं. बंद घराचं रीडिंग अंदाजाने टाकावं, तसं. नोकरीत त्यांनी हे पाप एकदाही केलं नव्हतं. कुलूप दिसलं की परत जायचं, पुन्हा परत जायचं, पण अंदाज लिहायचा नाही.

तेव्हा त्यांनी नातीचं लेबल साध्या कागदावर छापलं, चपला घातल्या, ते लेबल आणि तिरके कागद पिशवीत टाकले आणि बायकोच्या खोलीवर निघाले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

खोली शिंप्याच्या दुकानावर होती. खालून शिलाई मशीनचा आवाज वर येत होता. दार उघडंच होतं. खिडकीशी ते छोटं टेबल, एक खुर्ची, एक पलंग, भिंतीलगत दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेली चित्रं. ती पाठमोरी बसून रंगवत होती आणि गुणगुणत होती. घरात ती कधी गुणगुणायची का, हे त्यांना आठवेना.

"अगं," ते दारातूनच म्हणाले, "कागद तिरका जातोय."

ती वळली. चकित झाली असेल तरी तिने दाखवलं नाही. "या, बसा पलंगावर. एका हाताने खाली आधार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. लांब हात आहेत तुमचे, जमेल."

"असं होय." हे आपल्यालाच कसं सुचलं नाही, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, हे एवढं सोपं होतं तर अकरा वर्षं ती प्रिंटरमागे का उभी राहायची?

त्यांची नजर दोरीवर गेली. तिथेही लेबलांची चित्रं होती. वेल डावीकडून निघून भलतीकडेच वर गेलेली, उजवा कोपरा मोकळा. खारीची शेपटी चौकटीबाहेर. त्यांचा हात शिवशिवला.

"हे अर्धवट आहे का?"

"पूर्ण आहे."

"नाही, म्हणजे उजवीकडे काहीच नाही. मी करून देतो ना. डावी बाजू उचलायची, उलटी करून उजवीकडे लावायची. आपण नेहमी करतो तसं."

"आपण नाही. तुम्ही करता." तिने ब्रश पाण्यात बुडवला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी वेल काढायची आणि तुम्ही ती सारखी करायचात. माझी एकही खार तुम्ही तिच्या मनासारखी बसू दिली नाहीत."

रीडिंगवाले आ वासून बघत राहिले. "मला वाटायचं तुला आवडतं. सगळे म्हणायचे किती सुबक."

"म्हणायचे ना."

"मग बोलायचं होतंस."

"पहिल्यांदा बोलले होते. तुम्ही म्हणालात, आता बरं दिसतंय बघ." ती हसली. हे हसणं खरंखुरं होतं, म्हणून ते जास्तच गोंधळले.

"एवढ्यासाठी कोणी घर सोडतं?"

"एवढ्यासाठी नाही हो." तिने ब्रश फडक्याला पुसला. "पण एवढ्याएवढ्याचंच होतं सगळं. दुसरं काही मोठं सांगायला मिळालं असतं तर मीही सांगितलं असतं. तुम्ही वाईट नाही आहात. माझ्या बहिणीलाही मी हेच सांगितलं, आणि तिलाही नाही कळलं."

खाली मशीन थांबलं, परत सुरू झालं. ज्यासाठी आलो ते विचारून टाकावं म्हणून त्यांनी पिशवीतून नातीचं लेबल काढलं. खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे काय लिहू?"

"खरं असेल ते."

"खरं काय आहे तेच तर मला कळत नाही," ते म्हणाले. "तू येणार आहेस की नाही येणार? एकदा सांगून टाक. जे असेल ते उतरवून घेतो मी."

ती उठून त्यांच्या शेजारी पलंगावर बसली. मग म्हणाली, "नाही येणार. राहायला नाही. जेवायला बोलवा, येईन. आजारी पडलात तर येईन. चिमीच्या वाढदिवसाला तर येणारच आहे."

त्यांनी मान डोलावली. मीटरचा आकडा वहीत उतरवून झाल्यावर डोलवायचे, तशी.

"दोन लेबलं छापा," ती म्हणाली. "एक तुमचं, एक माझं. एकाच फितीत ओवू."

रविवारी मुलीच्या घरात पोरांचा नुसता कल्ला होता. चाळीस पुड्यांवर चाळीस लेबलं सरळ बसली होती आणि जो तो मुलीला विचारत होता, कुठून आणली. रीडिंगवाले आणि त्यांची बायको सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते, नेहमीसारखे. केक कापून झाला, पोरं गेली, मग चिमी आजी-आजोबांचं पुडकं घेऊन त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली. एका फितीत दोन लेबलं. तिने दोन्ही मोठ्याने वाचली.

"आजीकडून. आजोबांकडून." मग कागद सोडला, आतली पेन्सिलींची पेटी काढली आणि वर पाहिलं. "पण पेटी तर एकच आहे."

"एकच आहे," आजोबा म्हणाले.

"मग ह्यातल्या आजीच्या कुठल्या आणि तुमच्या कुठल्या?"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थबकली. रीडिंगवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको सहज म्हणाली, "तूच ठरव की."

चिमीने पेटी उघडून पेन्सिली जमिनीवर ओतल्या आणि कामाला लागली. तिला ह्यात अवघड काहीच वाटत नव्हतं. हिरव्या सगळ्या आजीला, कारण आजी झाडं काढते. निळ्या आजोबांना, कारण त्यांचे शर्ट निळे. जांभळी आजीला. करडी आजोबांना, काळीही त्यांनाच. पिवळीपाशी ती थोडी अडली आणि तिने ती आजीला दिली. दोन ढीग वाढत गेले. शेवटी हातात पांढरी उरली.

"ही कोणाची?"

रीडिंगवाले खाली वाकले. गुडघे दुखत होते तरी ते सावकाश नातीसमोर जमिनीवर येऊन बसले.

"ती असू दे मध्ये," ते म्हणाले.

चिमीने पांढरी पेन्सिल दोन ढिगांच्या मधोमध ठेवली. ती थोडी तिरकी पडली. त्यांनी हात पुढे केला, आणि मग तो तसाच मागे घेऊन मांडीवर ठेवला.